तिजोरी उघडू नकोस

तुझं हस्तलिखित दोनदा वाचलं. पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. तुझं पत्र लहान आहे आणि प्रश्न मोठा, म्हणून तो आधी मांडते. इतर कोणी हे वाचलं तर मी कशाला उत्तर देते आहे ते त्यांनाही कळेल.

कादंबरी अशी आहे. साल २०६८. पुण्यातल्या चाळीस मजली इमारतीत राहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या जाईला कळतं, की आपल्याआधी या घरात आणखी एक जाई होती. ती अकरा वर्षांची असताना सुट्टीत यावलजवळच्या गावी केळीच्या बागेत साप चावून गेली. आईनं तिचे केस जपून ठेवले होते. त्या केसांतून ही दुसरी जाई वाढवली, आणि पहिलीच्या आठवणी एका यंत्रातून हिच्या डोक्यात उतरवल्या. ९३व्या पानावर जाई घरातल्या तिजोरीला अंगठा लावते, तिजोरी उघडते, फाइल सापडते आणि १००व्या पानाला सगळं उघडं पडतं. त्यापुढची ४२ पानं ती खिडकीशी बसून ‘मी कोण?’ असं विचारत राहते. तू लिहितेस, ‘मॅडम, पुढे काही घडतच नाही. विज्ञान कमी पडलं का? की मी खानदेशातल्या खेड्यातली असल्यामुळे मला असली कादंबरी जमणार नाही?’

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचा मला राग आला. तुझ्यावर नव्हे, तुझ्या मनात तो प्रश्न ज्यानं कोणी घातला त्याच्यावर. या कादंबरीत जिवंत असलेलं एकच प्रकरण आहे: अकरा वर्षांची पोर बागेत शिरते, पाटाचं पाणी चालू आहे, वाळलेल्या पानांवर पाय पडतो. बाकी सगळी पानं मी कुठेतरी आधी वाचल्यासारखी वाटली. तो चाळिसावा मजला तू पाहिलेला नाहीस. केळीची बाग पाहिली आहेस. कादंबरी यावलला घेऊन ये, आणि साल २०६८ वरून २०४० च्या जवळपास आण. पहिली जाई २००९ ची, गेली २०२० मध्ये, दुसरी जन्मली २०२२ मध्ये. म्हणजे आजची कागदपत्रं, आजचे कायदे आणि आजची भांडणं तुझ्या पात्रांच्या आयुष्यात असतील. माणसाच्या ओळखीवरची कादंबरी कागदांशिवाय उभी राहत नाही.

मी लिहायला लागण्याआधी सहा वर्षं केळीच्या टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत काम केलं, मग कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. म्हणून तुझा विषय मला परका नाही. जळगाव जिल्ह्यात क्लोन हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, तो शेतात उभा असतो. जी-नाइन या केळीच्या वाणाची हजारो झाडं, सगळी एकाच वाणाची, एकाच गुणसूत्रांची. कंदातला कोंब काढायचा, त्याच्या टोकाचा इवलासा भाग बरणीत अगारच्या जेलीवर ठेवायचा, फुटवे आले की कापून पुन्हा नव्या बरणीत. आम्ही दर तीन-चार आठवड्यांनी हे करायचो. किती वेळा करायचं याला मर्यादा असते, कारण फार वेळा कापत गेलं की मधेच एखादं रोप वेगळं निघतं. खुजं राहतं, पानांवर पट्टे येतात, घड विचित्र येतो. आई एक, बरणी एक, औषध एक, तरी ते वेगळं. आम्ही ती रोपं उपटून फेकत असू. तुझी नायिका अशा फेकलेल्या रोपाकडे एकदा तरी बघू दे. त्यावर तिनं काही बोलण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट त्याच कामातली. बरणीतलं रोप दिसायला पूर्ण असतं, पण त्याच्या पानावर मेणाचा थर धड नसतो, पानांची रंध्रं नीट मिटत नाहीत. सरळ मे महिन्याच्या उन्हात नेलं तर तासाभरात माना टाकतं. म्हणून आधी सावलीत, ओल्या हवेत, मग हळूहळू उन्हात. त्याला हार्डनिंग म्हणतात आणि त्यात कित्येक आठवडे जातात. तुझी जाई पहिल्या पानापासून कणखर, हजरजबाबी, सगळं समजणारी आहे. तिला उन्हात यायला वेळ दे.

आता विज्ञानातल्या चुका. त्या सुधारल्या की तुझं अडलेलं कथानक आपोआप हलेल असं मला वाटतं, म्हणून त्यांवर मी जास्त बोलणार आहे.

केसांतून माणूस वाढत नाही. डब्यात जपलेला केस मेलेला असतो. त्यातून थोडा डीएनए मिळेल, जिवंत पेशी मिळणार नाही. क्लोन केलेली डॉली मेंढी ५ जुलै १९९६ ला जन्मली तेव्हा तिच्यासाठी वापरलेली पेशी सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली होती, आणि त्या पेशी गोठवून जिवंत ठेवलेल्या होत्या. २७७ प्रयत्नांतून एक कोकरू जगलं. हा २७७ आकडा लक्षात ठेव. तुझ्या कादंबरीतल्या आईनं एका प्रयत्नात मुलगी मिळवली आहे. ज्या २७६ जाई झाल्या नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न तुझ्या वाचकाला पडेल. आईला तो रोज पडायला हवा.

मग पेशी कुठून आणायची? इथे खानदेशच तुझ्या मदतीला येतो. आईला जळगावच्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत कामाला ठेव. कोंब कसा कापायचा, निर्जंतुक कसं राहायचं, पेशी मरू नये म्हणून कशात बुडवायची, हे तिच्या हातांना माहीत आहे. आणि गोठवायला उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन लागतो, तो गावात येतोच. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी मोटारसायकलला कॅन अडकवून फिरणारा माणूस तू लहानपणापासून बघितला असशील. झाकण उघडलं की पांढरी वाफ जमिनीवर सांडते आणि पोरं गोळा होतात. मुलीच्या अंत्यविधीआधी आई तिच्या कानामागची चिमूटभर कातडी घेते आणि रात्री त्या माणसाच्या दारात उभी राहते. ती काय मागते, तो काय विचारत नाही, हे एक प्रकरण तुझ्या १४२ पानांतल्या सगळ्या यंत्रांपेक्षा जड होईल. पुढचं काम एकटीनं होणार नाही, त्यासाठी मोठ्या शहरातलं कोणीतरी लागेल. पण ते ओझरतं ठेव.

आता आठवणींचं यंत्र. ते काढून टाक. पूर्णपणे. एका कादंबरीत एकच अशक्य गोष्ट असावी, आणि तुझ्याकडे ती आधीच आहे. शिवाय आठवण म्हणजे डब्यातली चित्रफीत नसते, की या डब्यातून काढून त्या डब्यात भरली. दर वेळी आठवताना ती थोडी मऊ पडते आणि पुन्हा घट्ट होताना बदलून घट्ट होऊ शकते. उंदरांवरच्या प्रयोगात हे २००० साली स्पष्ट दिसलं. त्याआधी १९९५ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २४ जणांना त्यांच्या लहानपणीचे चार प्रसंग वाचायला दिले. तीन खरे, घरच्यांनी सांगितलेले. चौथा, बाजारात हरवल्याचा, रचलेला. साधारण चौथा हिस्सा लोकांना तो रचलेला प्रसंगही पूर्ण किंवा अर्धामुर्धा ‘आठवला’. काहींनी त्यात स्वतःचे तपशील भरले.

तुझ्या लक्षात येतं आहे का? यंत्राची गरजच नाही. आई पुरे आहे. रोज रात्री गच्चीवर पांघरुणात घेऊन ती सांगते, ‘तू तीन वर्षांची होतीस ना, तेव्हा हतनूरच्या धरणावर गेलो होतो, तू मासा बघून रडलीस.’ दुसरीच्या जन्माआधी घडलेलं सगळं दुसरीला सांगून सांगून तिचं करून टाकायचं. अठरा वर्षं. यात खोटं असं काहीच नाही, फक्त ‘तू’ हा एक शब्द खोटा आहे. आणि वाचक पुस्तक मिटून स्वतःच्या आईला फोन लावेल, कारण त्याच्याही पहिल्या चार वर्षांच्या आठवणी अशाच कोणीतरी सांगितलेल्या आहेत.

याच्यातून तुला एक खूण मिळते. केळीचा चीक तुला माहीत आहे: लागतो तेव्हा पाण्यासारखा, कळतही नाही, आणि दोन दिवसांनी कपड्यावर काळा डाग उमटतो तो जन्मभर जात नाही. तुझ्या जाईला एक आठवण आहे, पिवळ्या फ्रॉकला मागून चीक लागल्याची. खूप स्पष्ट आठवण. तिला तो डाग दिसतो. एक दिवस तिच्या मनात येतं, की डाग पाठीवर होता, मग मला तो दिसला कसा? ती आठवण धुणं धुणाऱ्या बाईची आहे. उभ्या माणसाच्या उंचीवरून, मागून पाहिलेली. मग ती एकेक आठवण काढून बघते: कोणत्या आठवणीत मी आतून बघते आहे आणि कोणत्या आठवणीत मला कोणीतरी बाहेरून बघतं आहे? सावध राहा, हा पक्का पुरावा नाही. आपल्या खऱ्या आठवणीही जुन्या होत गेल्या की बाहेरून दिसायला लागतात. तो संशय तसाच ठेव, तो सोडवू नकोस.

आता ९३वं पान. या पानासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

जाई तिजोरीला अंगठा लावते. पहिल्या जाईचा ठसा त्यात नोंदवलेला आहे, दोघींचा डीएनए एक, म्हणून तिजोरी उघडते. असं होणार नाही. बोटांचे ठसे डीएनएवर पूर्ण ठरत नाहीत. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांचे ठसेसुद्धा वेगळे असतात. बोटावरच्या रेषा गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात उमटायला लागतात आणि सहाव्या महिन्याच्या आत कायमच्या होतात. मधल्या काळात बोट कसं वाढलं, गर्भजलात कसं हललं, कशाला टेकलं, असल्या बारीकसारीक गोष्टींनी प्रत्येक रेषा वळते. डोळ्यातल्या बुबुळाचंही तसंच.

मला वाटतं तुला हे वाचून धक्का बसेल आणि तू ते पान फाडायला घेशील. फाडू नकोस. फक्त तिजोरी उघडू नकोस.

क्रम बदल. गुपित १००व्या पानापर्यंत लांबवू नकोस, चाळिसाव्याला फोड, आणि फाइलमधून फोडू नकोस. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला फोड. आपल्याकडे त्या दिवशी पितरांसाठी घागर भरतात, आणि त्याच दिवशी माहेरवाशिणी झोक्यावर असतात; मेलेले आणि लेकी एकाच दिवशी घरी येतात. जाईला दिसतं की आईनं दरवर्षी घागर भरताना बाजूला एक लहान घागर वेगळी ठेवलेली असते. ही कोणाची, असं ती पहिल्यांदाच विचारते. आई खोटं बोलत नाही. ती सांगते, आणि शेवटी म्हणते, ‘तूच ती. मधे फक्त थोडे दिवस गेले.’

पुढची पन्नास पानं जाईला हे मान्य आहे. मान्य असू दे! तिला बरंच वाटू दे. तिच्यावर इतकं प्रेम होतं की मरणही मधे येऊ शकलं नाही, असं तिला वाटतं. गावातले म्हातारे तिला बघून थबकतात. शाळेतल्या जुन्या बाई रडतात. शहरात जाऊन केलेली तपासणी सांगते, सगळं जुळतं. माणसं म्हणतात तू तीच, विज्ञान म्हणतं तू तीच. मग ती खात्रीनं, जवळजवळ आनंदानं, वडिलांच्या कपाटातल्या त्या जुन्या तिजोरीपुढे बसते. सेल बदलते. अंगठा ठेवते. लाल दिवा. पुसून पुन्हा ठेवते. लाल दिवा. दुसरा अंगठा. सगळी दहा बोटं.

हा तुझ्या कादंबरीचा मध्य आहे. सगळं जग तिला ‘जाई’ म्हणतं आणि तिचा अंगठा एकटा ‘नाही’ म्हणतो. तिच्या अंगावरची स्वतःची अशी पहिली वस्तू तिला सापडते, आणि ती सापडते एका नकारातून.

हा प्रसंग खानदेशात घडतो याला अर्थ आहे. आधारचा देशातला पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात टेंभली गावी दिला गेला. दहा बोटं, दोन बुबुळं, बारा आकडे. ‘तू तूच आहेस’ हे यंत्रानं सांगायची सुरुवात आपल्या तापीच्या खोऱ्यातून झाली. आणि ‘अंगठा लागत नाही’ हे वाक्यही तू रेशनच्या रांगेत शंभर वेळा ऐकलं असशील. खुरपून, कापूस वेचून, भांडी घासून ज्या बायकांच्या रेषा झिजल्या त्यांना यंत्र ओळखत नाही, मग त्या बोट पदराला पुसून पुन्हा लावतात. तुझ्या जाईनं लहानपणी शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना असं करताना बघितलेलं असू दे, पहिल्या दहा पानांतच कुठेतरी. म्हणजे तिजोरीपुढे ती बोट ओढणीला पुसेल तेव्हा वाचकाला दोन्ही बायका एकदम दिसतील.

आता तुझी ती शेवटची ४२ पानं, ‘मी कोण’वाली. हा प्रश्न लहान नाही. अमळनेरला प्रताप शेटजींनी १९१६ साली याच प्रश्नासाठी एक अख्खी संस्था उभी केली, तत्त्वज्ञान मंदिर. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ तिथे होता. जाणणाऱ्याला जाणण्याची वस्तू करता येत नाही, बघणारा स्वतःला समोर ठेवून बघू शकत नाही, याच्यावर त्यांनी फार खोल विचार केला. तू ते वाचावंस असं मला मनापासून वाटतं. पण कादंबरीत खिडकीशी बसून हा प्रश्न विचारला, की तो हवेत राहतो. कारण त्याचं उत्तर चुकलं तरी कोणाचं काही बिघडत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळा विचारतात. धुळ्या-अमळनेरकडे पारावरची म्हातारी अनोळखी पोरीला ‘तू कोण’ म्हणत नाही. ती म्हणते, ‘कोनी आंडेर शे व तू?’ कोणाची लेक? तुझ्या यावलकडे तेच, ‘कोनाची पोर व तू?’ लहानपणापासून मला या प्रश्नाची चीड होती. माझं नाव विचारत नाही, बापाचं विचारते. पण लिहायला लागल्यावर कळलं की कादंबरीकाराला हाच प्रश्न उपयोगी पडतो. ‘मी कोण’ला एक माणूस पुरतो. ‘कोणाची’ला निदान दोन लागतात, आणि दोघांपैकी एक जण नाही म्हणू शकतो.

तर विचार: जाई कोणाची?

डॉलीकडे परत जा. डॉलीला तीन आया होत्या. एकीची पेशी, दुसरीचं बीजांड, तिसरीचं गर्भाशय. आणि बीजांडातून आलेल्या मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांचा, डीएनए बीजांड देणारीचा होता, म्हणजे डॉलीसुद्धा शंभर टक्के नक्कल नव्हती. तुझ्या कादंबरीत या तिसऱ्या बाईबद्दल एक ओळ आहे: ‘एका भाडोत्री गर्भात तिला वाढवलं गेलं.’ बस. इतकं महत्त्वाचं माणूस तू एका ओळीत, तेही विशेषणात संपवलंस.

अंगठ्याच्या रेषा कुठे उमटल्या? त्या बाईच्या पोटात. तिजोरीनं जे ‘नाही’ म्हटलं, ते त्या बाईच्या घरातून आलेलं आहे. म्हणजे तुझं अडलेलं कथानक इथून उठून चालायला लागतं: अंगठा उघडायला गेला तिजोरी, आणि त्यानं वाट दाखवली सातपुड्याकडे.

समज, ती चोपडा तालुक्यातल्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावरची पावरा आदिवासी बाई आहे. २०२१ च्या कायद्यानं पैसे देऊन गर्भ वाढवून घेण्यावर बंदी आली, त्यामुळे तिचं नाव कुठल्याही कागदावर नाही. माणसाचा क्लोन करायला तर आपल्याकडे मनाईच आहे. पण कागदावर नसलं तरी एक नोंद आहे. गर्भातल्या बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि तिथे राहतात; मुलगा होऊन २७ वर्षं झालेल्या बाईच्या रक्तात त्याच्या पेशी सापडल्या आहेत. म्हणजे तुझी जाई जिला कधी भेटली नाही, तिच्या अंगात जाईच्या पेशी अजून असू शकतात. तू मेलेल्या मुलीची राख शोधत बसलीस, आणि जिवंत बाई डोंगराच्या पायथ्याशी मका सोलत बसली आहे.

तिच्याबद्दल एक विनंती, आणि इथे मी जरा कडक बोलते. तिला देवी करू नकोस, निसर्गकन्या करू नकोस, आणि तिच्या तोंडी शहाणपणाची सुभाषितं घालू नकोस. आपल्या सपाटीवरच्या लेखकांनी सातपुड्यातल्या माणसांवर हा अन्याय फार केला आहे. तिला कामं असू देत. तिचा वनहक्काचा दावा प्रलंबित असू दे. त्या पैशांतून तिनं काय घेतलं ते तिला नीट आठवत असू दे: बैल, की पत्रे, की थोरल्याची फी. तिची बोली पावरी आहे, तुझ्या जाईला ती कळत नाही, मधे कोणीतरी दुभाषा लागेल. बहुधा तिचाच मुलगा, ज्याला हे सगळं आजच कळतं आहे. आणि जाई ‘मी तुमची मुलगी’ म्हणाली, तर ती ‘नाही’ म्हणू शकते. तिला तेवढा अधिकार दे. ती काय म्हणेल हे मी सांगणार नाही. तुला लिहिताना कळेल.

जमिनीची बाजूही आहे. वडील गेले की सातबाऱ्यावर वारसनोंद करायला तलाठ्याकडे जावं लागतं, आणि चुलतभाऊ हरकत घेणारच. गंमत अशी की डीएनए तपासला तर ती आईबापांचीच लेक ठरेल, कारण तो पहिलीचाच डीएनए आहे. कायदा तिला लेक म्हणेल तेव्हाच ती स्वतः ते नाकारण्याच्या टोकाला आलेली असेल. हा भाग लांबवू नकोस, दोन प्रकरणं पुरेत. पण असू दे. माझी पहिली कादंबरी निघाली तेव्हा मी पेशीविभाजनावर अकरा पानं खर्च केली होती आणि त्यांचा मला अभिमान होता. शेजारच्या एका वयस्क शेतकऱ्यानं ती पूर्ण वाचली, पुस्तक परत द्यायला आले आणि दारातच विचारलं, ‘सगळं समजलं, पण त्या पोराच्या वाट्याचं शेत मग कोणी कसलं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या आवृत्तीची संधी मिळाली असती तर त्या अकरा पानांतली नऊ मी त्या शेताला दिली असती.

भाषेचं बोलू. तू आईच्या तोंडी अहिराणी घातली आहेस आणि ती कानाला गोड आहे, पण ती धुळ्याकडची आहे. यावल-रावेर-फैजपूरच्या लेवा पाटील घरात तशी बोलत नाहीत. तुझ्या आजीचं बोलणं आठव: केळीला ‘केयी’, डोळ्याला ‘डोया’, ‘मला’ऐवजी ‘मले’. खानदेश एक असला तरी त्याचं तोंड एक नाही, आणि ओळखीवरच्या कादंबरीत ही चूक अक्षम्य आहे. उलट तिचा उपयोग कर. पुण्यात शिकून जाईच्या बोलण्यात ‘ळ’ परत आला असेल. आई घाबरली की तिचा ‘ळ’ जातो. पावरा पाड्यावर जाईची कोणतीच बोली चालत नाही.

बहिणाबाईंची आठवण इथे सारखी येते. असोद्याची लेक, जळगावची सून, अक्षरओळख नाही. शेतात, जात्यावर गाणी यायची आणि ती मुलानं, सोपानदेवांनी, आणि मावसभावानं उतरवून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, त्यानंतर १९५२ मध्ये पुस्तक आलं. आवाज एकीचा, अक्षर दुसऱ्याचं. आज त्यांच्या नावानं विद्यापीठ आहे. आपण ‘बहिणाबाई’ म्हणतो तेव्हा नेमकं कोण बोलत असतं, हे तुझ्या जाईला शाळेत धडा शिकताना एकदा वाटून जाऊ दे. तुझ्याकडे आईच्या आठवणी लेकीच्या तोंडी, इथे आईची गाणी मुलाच्या अक्षरात.

आणि एक गोष्ट मराठीत छान जमण्यासारखी आहे. आपल्याला ‘मी’ गाळता येतो. ‘नदीवर गेले. पाय घसरला. रडले नाही.’ बाई बोलते आहे एवढं क्रियापद सांगतं, पण कोणती बाई ते सांगत नाही. तिजोरीच्या प्रसंगापर्यंत सगळ्या आठवणी अशाच लिही, एकदाही ‘मी’ न वापरता. वाचकाच्या ते लक्षात येणार नाही, पण काहीतरी पोकळ आहे हे जाणवेल. दहावं बोट ठेवून झाल्यावर, लाल दिवा विझल्यावर, पहिला ‘मी’ येऊ दे. साध्या वाक्यात. ‘मी उठले.’ असं काहीतरी. हे अवघड आहे, तुला ९० पानं पुन्हा लिहावी लागतील. पण तुझ्याकडे कान आहे, बागेच्या प्रकरणात तो दिसतो, म्हणून सांगायचं धाडस करते.

पहिल्या जाईकडेही न्यायानं बघ. आत्ता ती केवळ गुपित आहे. ती अकरा वर्षं जगलेली पोर होती. आईला माहीत नसलेलं तिचं काहीतरी असणार, जे आई सांगूच शकली नाही आणि म्हणून दुसरीला मिळालंच नाही. तिजोरीत तेच असेल. ती तिजोरी शेवटपर्यंत कोणीही उघडू नये असं माझं मत आहे. तुला उघडावीशी वाटली तर ती आईनं फोडावी, जाईनं नाही, आणि आत काय होतं ते जाईनं विचारू नये.

टोपणनावाचं राहिलं. घरच्यांना कळू नये म्हणून दुसऱ्या नावानं छापू का, असं तू शेवटी विचारलं आहेस. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. आद्याक्षरं उलटी फिरवलेली. परीक्षकांनी नाव न बघता कथा बघावी म्हणून. तशा कारणासाठी खुशाल घे. घाबरून घेऊ नकोस. तुझी आई हे पुस्तक वाचेल या भीतीनं तू आईच्या पात्राला आत्ताच गुळगुळीत केलं आहेस, ते मला दिसलं. आधी तिला खरी लिही, नावाचं छपाईच्या वेळी ठरवू.

सगळं एकदम करू नकोस. अखजीचा प्रसंग आणि तिजोरीचा प्रसंग, हे दोनच आधी लिही आणि पाठव. हातानं लिहिलेलं चालेल, ओळींमध्ये जागा सोड. तिजोरीच्या बरंच आधी, पहिल्या दहा पानांत, रेशनच्या रांगेतल्या काकू आल्या आहेत ना, तेवढं बघून घे.